पहिल्या पर्यायाचा मान

बारावीनंतर काय, हा प्रश्न मला दहावीच्या आधीपासून विचारला जात होता. त्यामुळं प्रत्यक्ष बारावी झाली तोवर मला त्या प्रश्नाचाच कंटाळा आला होता. लग्नात भेटलेली माणसं विचारायची, एसटीत शेजारी बसलेली बाई विचारायची, दूध घालायला गेलं तर डेअरीतला माणूस कॅन बाजूला ठेवून विचारायचा. उत्तर ऐकून घ्यायला मात्र कुणी थांबत नसे. मी 'सिव्हिल' म्हणाले की समोरून यायचंच, "आगं, कॉम्प्युटर घे की." मग कॉम्प्युटर का घ्यायचा हे मला समजावून सांगितलं जायचं. सांगणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता.

सिव्हिल माझ्या डोक्यात घातलं ते पप्पांनी. पप्पा सैन्यात होते, पूल बांधणाऱ्या तुकडीत. आमचं गाव पाटणच्या अलीकडं, ओढ्याच्या पलीकडल्या अंगाला. पावसाळ्यात ओढ्यावरचा बुटका पूल पाण्याखाली गेला की आमची शाळा बुडायची, दूध घरातच राहायचं. पप्पा सुट्टीवर आले की त्या ओढ्याच्या काठावर उभे राहून मला सांगायचे, इथं पूल टाकायचा तर किती माणसं लागतील, लोखंडी सांगाडा कसा ढकलत न्यायचा, पलीकडं एकही माणूस नसताना त्याचं टोक पलीकडं कसं टेकवायचं. गावातल्या बाकीच्या फौजींची पोरं बापाकडून बंदुकांच्या आणि बर्फाच्या गोष्टी ऐकायची. मी नटबोल्टच्या ऐकल्या. मला त्या आवडायच्या, कारण त्या सांगताना पप्पा खूश असायचे आणि पुन्हा जायचं आहे हे थोडा वेळ विसरायचे.

दहावीनंतर मला सांगलीला मामाकडं ठेवलं. मामा तासगावला बेदाण्याच्या सौद्यात एका अडत्याकडं काम करतो आणि राहतो सांगलीत. तिथं कॉलेज आणि सीईटीचा क्लास एकाच इमारतीत होता. सकाळी आत जायचं आणि दिवेलागणीला बाहेर यायचं. दर रविवारी परीक्षा, सोमवारी दारावर निकाल. जत, आटपाडी, कवठ्याकडून आलेली पोरं आधी खालून नाव शोधायला लागायची, म्हणजे मनाला कमी लागतं. शिकवायचे चांगलं, नाही असं नाही. पण घोका आणि ओका यापलीकडं कशालाच वेळ नव्हता. एकदा मी सरांना एका गणिताचा खऱ्या पुलाशी काय संबंध आहे ते विचारलं, तर ते म्हणाले की हे सीईटीला येत नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

मामाकडं मला काहीही कमी नव्हतं, आणि त्याचंच ओझं होतं. मामी मला पहिली गरम चपाती वाढायची. तिची स्वतःची लेक आठवीत होती, तिचं अभ्यासाचं टेबल मला दिलेलं, आणि ती बिचारी हॉलमध्ये सोफ्यावर पुस्तक घेऊन बसायची. मी ताट घासायला घेतलं की मामी हातातून काढून घ्यायची. आंघोळीला किती गरम पाणी घ्यावं, पंखा किती वेळ लावावा, दुसऱ्यांदा भाजी मागावी की नाही, हे सगळं मी मनात मोजत बसायची. दोन दिवसांचा पाहुणा सगळ्यांनाच जमतो. दोन वर्षांची पाहुणी होणं हे फार दमवणारं काम आहे. मला पुण्याला जायचं होतं त्यात सिव्हिल होतंच, पण हॉस्टेलवरची एक खाटही होती, जिथं मी जेवले की नाही हे मला कुणी विचारणार नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्यांच्या घरचं खाल्लं त्यांच्याबद्दल असं बोलत नाहीत.

सीईटी झाली. मार्क चांगले पडले, फार वर नाही, पण पुण्यातल्या एका चांगल्या कॉलेजात सिव्हिल मिळेल इतके होते. त्या कॉलेजचा प्रवेश गेल्या वर्षी किती मार्कांवर बंद झाला ती यादी मी इतक्या वेळा बघितली होती की मोबाईल उघडला की तीच समोर यायची.

मग कागदपत्रं सुरू झाली. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आपल्याकडं उगाच म्हणत नाहीत. उत्पन्नाचा दाखला काढला, तर तो जुन्या वर्षाचा निघाला. नवा काढायला गेलो तर तलाठी भाऊसाहेब मीटिंगला गेलेले. रहिवासी दाखल्याला पप्पांचा शाळेचा दाखला हवा होता. तो आणला तर त्यावर गावाचं नाव होतं, वाडीचं नव्हतं. पप्पांनी आयुष्यभर रांगा लावल्या होत्या, त्यांना काही वाटत नव्हतं. ते पाटणच्या कचेरीत भिंतीपाशी सावधानमध्ये उभे राहायचे आणि मी पायरीवर बसून पेंगायची. येताजाता भेटणारा प्रत्येक जण म्हणायचा, "पोरींना आता फी माफ हाय की, तुमाला काय घोर?" ते खरंच होतं. सरकारच्या प्रवेशफेरीतून जागा मिळाली आणि उत्पन्न मर्यादेत असलं, तर मुलीची कॉलेजची फी सरकार भरतं. त्याच भरवशावर पप्पा निवांत होते. पेन्शनीत घर आणि माझं मेसचं जेवण दोन्ही बसत होतं.

आता कॉलेजांचा क्रम लावायचा राहिला होता. ऑनलाइन फॉर्ममध्ये आपल्याला हवी ती कॉलेजं आणि शाखा एकाखाली एक लिहायच्या असतात, सगळ्यात हवी ती सगळ्यात वर. आमच्या घरात अशी गोष्ट एकट्यानं ठरत नाही. थोरले चुलते, म्हणजे तात्या, यांना विचारल्याशिवाय आमच्याकडं म्हैससुद्धा घेत नाहीत. पप्पा सीमेवर असताना आमच्या उसाला पाणी पाजलं ते तात्यांनी, कारखान्याची तोड आणली ती तात्यांनी. त्यामुळं माझ्या शाखेवर त्यांचा हक्क होता. हे मी चेष्टेनं म्हणत नाही, आमच्याकडं ते सगळ्यांना तसंच वाटतं.

तात्यांच्या अंगणात बैठक बसली. लग्नपत्रिका लिहायला बसतात तशीच बसली. पत्रिकेत कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुणाचं राहिलं तर कोण रुसेल, याचा जसा खल होतो तसा माझ्या कॉलेजांचा झाला. तात्या म्हणाले, सिव्हिल म्हणजे उन्हात उभं राहायचं, गवंड्यांबरोबर वाद घालायचा, पोरीच्या जातीला कॉम्प्युटरच बरा, सावलीत बसून पगार. आई म्हणाली, पुणं लांब आहे. आत्याच्या यजमानांनी साताऱ्याचं एक कॉलेज सुचवलं, म्हणून तेही घातलं, कारण ते उठून आले होते. पप्पा सगळ्यांचं ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी जी यादी केली तिच्यात सगळ्यांचं काही ना काही होतं. एक नंबरवर सांगलीचं कॉलेज, कॉम्प्युटर. दोन नंबरवर पुणे, सिव्हिल.

पाटणला ई-सेवा केंद्रात फॉर्म भरायला बसलो तेव्हा मी पप्पांना म्हणाले, "पहिलं लागलं तर पुढचं बघतच नाहीत. ती जागा आपोआप पक्की होते. नियमात लिहिलंय."

"लागत न्हाई गं. गेल्या सालची यादी बघितलीया मी. तुझ्या मार्कांच्या लय वर बंद झालंय ते."

"मग घालायचंच कशाला?"

"घालायचं म्हंजी मान द्यायचा," पप्पा म्हणाले. "दोन वर्षं त्येंच्यात जेवलीयास. उद्या कुणी इचारलं कुठं कुठं घातलं, तर पयलं नाव मामाच्या गावाचं पायजे. आन तात्यांचा कॉम्प्युटर बी झाला. दोन नंबरला तुझंच हाय की."

त्यांच्या हिशेबात काही चूक नव्हती. आमच्याकडं लग्नात मामा आल्याशिवाय नवरी बाहेर निघत नाही. पहिला टॉवेल-टोपीचा मान मामाचा, आणि मामा शहाणा असला तर तो म्हणतो, अहो राहू द्या, आधी थोरल्यांना द्या. मान देणाऱ्यानं दिला, घेणाऱ्यानं पुढं सरकवला, दोघांची शोभा राहिली, असं चालतं. पप्पांना वाटलं हेही तसंच चालेल. पण राहू द्या म्हणायची रीत त्या वेबसाईटला माहीत नव्हती.

मैत्रिणी आता म्हणतात की तू तिथंच उठून भांडायला हवं होतंस. भांडायला अंगात ताकद लागते. माझी सगळी सीईटीनं काढून घेतली होती, उरलेली तलाठ्यानं. शिवाय मलाही वाटलं होतं की लागणार नाहीच.

पहिल्या फेरीचा निकाल आला तेव्हा मी आईबरोबर शेंगा फोडत बसले होते. मोबाईलवर मेसेज आला. जागा मिळाली होती. सांगली, कॉम्प्युटर, पहिला पर्याय. त्या वर्षी कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या जागा वाढवल्या होत्या, त्यामुळं यादी खाली घसरली आणि माझ्यापाशी येऊन थांबली. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की आता दोन नंबरचा पर्याय कुणी उघडूनही बघणार नाही.

आईनं देवापुढं साखर ठेवली. तात्या संध्याकाळी पेढे घेऊन आले आणि स्वतःच्या हातानं मला भरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. आमच्या भावकीत कॉम्प्युटर इंजिनिअर कुणी झालं नव्हतं. चार दिवसांत चावडीपुढं फ्लेक्स लागला. त्यावर माझा दहावीतला फोटो, खाली 'हार्दिक अभिनंदन', आणि भोवतीनं तात्यांचे, चुलतभावांचे आणि त्यांच्या मित्रांचे फोटो, माझ्या फोटोपेक्षा मोठे. काहींना तर मी ओळखतही नव्हते. रस्त्यानं जाताना माणसं थांबवून शाबासकी द्यायची. मी बरं म्हणायची आणि पुढं जायची.

पुण्याच्या सिव्हिलची यादी माझ्यापेक्षा कमी मार्कांवर बंद झाली होती. म्हणजे दोन नंबर एक नंबरवर असता तर ते मला मिळालं असतं, पहिल्याच फेरीत. ती यादी मी एकदाच बघितली. मला रडू आलं नाही, झोप आली. पुढचे काही दिवस मी नुसती झोपत होते. जेवायला उठायची, परत आडवी व्हायची. आई शेजारणीला सांगायची, दोन वर्षांचा शीण आहे, निघू द्या. गावात सगळ्यांना आनंद झालेला आणि आपल्याला होत नाही, यात माणूस फार एकटं पडतं. कुणाला सांगायची सोय नसते, कारण सांगितलं तर लोक म्हणणार, हिला सुख टोचतंय.

पप्पा ओळखून होते. एका सकाळी ते उसाला पाणी द्यायला निघाले आणि मला म्हणाले, चल. बांधावर बसल्यावर त्यांनी एकच विचारलं, "पुण्याचं लागलं आसतं का?" मी यादी काढून मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा नव्हता आणला, म्हणून हात लांब करून बराच वेळ बघत राहिले. पाणी सरी सोडून बाहेर जायला लागलं तरी ते उठले नाहीत. मग मीच उठून बारं मोडलं, पाणी पुढच्या सरीत वळवलं.

"कुणी कुणाचं वाईट केलं न्हाई ह्यात," ते म्हणाले. "तरी तुझं वाईट झालं."

नंतर त्यांनी तिथूनच मामाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. मला वाटलं मामा खूश होईल. त्याच्या गावाचं कॉलेज, त्याच्या घरची पोरगी.

"दाजी, मान मला दिला आन मलाच पत्ता न्हाई?" तो म्हणाला. "मला इचारलं आसतं तर मी म्हटलो आसतो, पुढं सरकवा. सौद्यात बी पहिली बोली तोंडदेखली आसती. ह्या सरकारवाल्यांनी त्या बोलीवरच माल उचलला बघा."

पप्पा म्हणाले, आता तुमच्याकडंच राहील अजून चार वर्षं.

"राहिली तर आमचीच हाय की. पन मन नसंल तर धाडू नका," मामा म्हणाला. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "दोन वर्षं खाली मान घालून जेवली ती हितं. दुसऱ्यांदा भाजी मागितली न्हाई कवा. आमाला दिसत न्हवतं व्हय?"

मला तिथं बांधावर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दोन वर्षं जे झाकून ठेवलं असं समजत होते ते त्या घरातल्या सगळ्यांनी बघितलं होतं आणि तरी ते गरम चपाती वाढत राहिले होते. मी फोनजवळ तोंड नेऊन मामाला म्हणाले, तसं काही नाही रे मामा. तो बरं बरं म्हणाला.

आता करायचं काय, तर मार्ग एकच होता. मिळालेली जागा सोडायची, म्हणजे सरकारच्या पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. मग सगळ्या फेऱ्या संपल्यावर ज्या कॉलेजात जागा रिकाम्या राहतात तिथं जाऊन थेट विचारायचं. पुण्याच्या त्या कॉलेजात काही रिकामं राहणार नव्हतं. पण सिव्हिलला बाकी ठिकाणी कुणी जायलाच तयार नव्हतं. सगळा महाराष्ट्र सावलीत बसायला निघाला होता. आत्याच्या यजमानांनी सुचवलेल्या साताऱ्याच्या कॉलेजातच सिव्हिलचा अर्धा वर्ग रिकामा राहणार, असं कळलं. पप्पा आणि मी चौकशीला गेलो. कॉलेज शहराबाहेर माळावर होतं, मागं डोंगर, पुढं ऊस. प्रवेशाच्या टेबलावरच्या सरांना सिव्हिल मागायला कुणी आपणहून आलंय याचाच आनंद झाला. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि प्रयोगशाळा दाखवली. काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचं एक मशीन होतं. मी ते बघत उभी राहिले. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी बघत उभं राहावंसं वाटलं होतं.

मग फीचं विचारलं. आमच्याकडं सगळ्या फौजींना मेजरच म्हणतात. सर म्हणाले, सरकारी फेरीतून आली असती तर माफ झाली असती, मेजर. आता थेट प्रवेश म्हणजे पूर्ण भरावी लागेल, चारही वर्षं. पप्पांनी आकडा ऐकला, मान हलवली, विचार करून सांगतो म्हणाले.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "राहू दे पप्पा. मी सांगलीचंच घेते."

"तुला घ्यायचंय?"

"नाही."

"मग गप बस."

तात्यांना सांगायला पप्पा एकटेच गेले. मला घरी ठेवलं, पण अंगणाला अंगण लागून असल्यानं ऐकू येत होतं. तात्या ओरडत नव्हते, ओरडले असते तर बरं झालं असतं. ते दमून बोलत होते. सरकार फुकट देतंय ते सोडून विकत घ्यायला निघालास, म्हणाले. गावात फ्लेक्स लागलाय, आता मी लोकांना काय सांगू, म्हणाले. पोरीच्या मनानं चालायला लागलास, म्हणाले. शेवटी तात्या म्हणाले की उसाच्या बिलाला यासाठी हात लावायचा नाही, ते दोघांचं आहे. पप्पा व्हय म्हणाले आणि घरी आले. तात्या आमच्याशी बोलायचे थांबले नाहीत, पण आमच्याकडं चहाला यायचे थांबले. फ्लेक्स काढायला कुणाला वेळ मिळाला नाही. मी जायच्या दिवसापर्यंत तो तिथंच होता आणि त्यावर मी कॉम्प्युटर इंजिनिअर होते.

बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी झाली. पप्पांना ते पटेना. डोक्यावर घेऊन शिकू नये पोरीनं, म्हणाले. आईनं बांगड्यांचा विषय काढला तर तिच्यावरच चिडले. मग बरेच दिवस कुणी विषयच काढला नाही. प्रवेशाची मुदत जवळ यायला लागली. पप्पा मोबाईल घेऊन ओसरीवर बसायचे. त्यांच्या पलटणीतल्या निवृत्त लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात एरवी सकाळचे नमस्कार आणि देशभक्तीचे व्हिडिओ येतात. आम्हाला वाटलं, ते तेच बघताहेत.

एके दिवशी दुपारी जेवताना ते आईला म्हणाले, "पुण्यात एका सोसायटीत गार्डांवर देखरेखीला माणूस पायजे. राहायला खोली हाय. पगारात फी निघती."

पप्पा निवृत्त होऊन घरी आले त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत मी सांगलीत होते, म्हणजे आम्ही दोघं एका घरात राहिलोच नव्हतो. पण आईला त्यांची सवय नुकतीच झाली होती. लग्न झाल्यापासून वर्षातला एखादा महिना मिळणारा नवरा आता रोज दिसत होता. संध्याकाळचा चहा ती दोघांचा टाकायला लागली होती आणि तो ओसरीवर बसून प्यायची, जे तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं. पप्पांनी दारात पेरूचं रोप लावलं होतं, गोठ्याला नवा पत्रा घातला होता. माणूस कायमचा आला की जी कामं काढतो ती सगळी त्यांनी काढली होती.

आईनं वाढायचं थांबवलं नाही. भाकरी त्यांच्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "तवा सरकार धाडत हुतं. आता आपलं आपुनच निघालासा."

"चार वर्षं तर हायत," पप्पा म्हणाले. "जात्यात निघून."

"मागली बी अशीच गेली," आई म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. बराच वेळ आतच राहिली.

मी पुन्हा एकदा पप्पांना म्हणाले की नको. आता खरंच नको. एक वर्ष थांबते, पुन्हा सीईटी देते. ते म्हणाले, तुझ्यात परत वर्षभराचा दम हाय का? नव्हता, आणि ते त्यांना दिसत होतं. मला एकदा स्पष्ट सांगावंसं वाटलं की मला तुमचा राग येतोय, त्या मानपानाचा, तुमच्या त्या यादीचा, आणि आता या त्यागाचा तर सगळ्यात जास्त. फुकटच्या फॉर्मवर एक ओळ वरखाली केली असती तर कुणालाच कुठं जावं लागलं नसतं. पण समोर बसलेला माणूस भाकरी कुस्करून खात होता आणि मला त्याच्यावर इतकी माया होती की राग धरवेना. मी ताटं उचलली.

आम्ही दोघं एकाच दिवशी निघालो. पाटणहून स्वारगेटला जाणारी गाडी साताऱ्यावरून जाते. आई स्टँडपर्यंत आली नाही, ओढ्यापर्यंत आली. दोघांच्या बॅगा शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा कुणाची कुठली ते कळत नव्हतं, दोन्ही पप्पांच्या पलटणीतल्याच होत्या. कंडक्टरनं माझं बायकांचं अर्धं तिकीट साताऱ्यापर्यंत दिलं आणि पप्पांचं पूर्ण, स्वारगेटपर्यंत. खिडकीची जागा त्यांनी मला दिली.

उंब्रज मागं पडलं. पुढं हायवेवर नव्या उड्डाणपुलाचं काम चालू होतं, गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. पप्पा माझ्या अंगावरून वाकून बाहेर बघायला लागले आणि सांगायला लागले, ती तुळई कशी चढवली असेल, खाली आधार कुठं कुठं दिला असेल. बोटानं दाखवत होते. मला त्यातलं बरंचसं आधीच माहीत होतं, तरी मी विचारत राहिले, आणि ते सांगत राहिले. साताऱ्याच्या स्टँडमध्ये गाडी वळली तेव्हा त्यांचं वाक्य अर्धं राहिलं.

त्यांनी माझी बॅग खाली काढून दिली. कंडक्टरनं लगेच निघायचं म्हणून सांगितलं होतं तरी ते पायरीशी रेंगाळले. "मेसचं जेवान आधी बघ, मगच पैसं भर," म्हणाले. मी बरं म्हणाले. "आन पुरत नसंल तर दुसऱ्यांदा माग."

गाडीत चढून ते माझ्या रिकाम्या झालेल्या खिडकीच्या जागेवर सरकून बसले. पुण्याला जायचं म्हणून मी दोन वर्षं परक्या टेबलावर बसून अभ्यास केला होता. गाडी सुटली, आणि पुण्याला पप्पा गेले.